लीला अम्मांचा राहिलेला पाठ

इंदूरला जायचं म्हटलं की आमच्या नांदेडची माणसं दोनच सूचना करतात. सराफ्यात पोटभर खा आणि रस्ते किती स्वच्छ आहेत ते बघ. मी चार दिवस इंदुरात होतो. सराफ्यात गेलो नाही आणि रस्त्यांपेक्षा एका घराच्या वरच्या खोलीतली पांढरी चादरच जास्त पाहिली. तेव्हा हे वाचून कुणाला इंदूरची सहल आखायची असेल, तर त्याने दुसरीकडे चौकशी केलेली बरी.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. नांदेडला वाढलो, त्यामुळे शीख माणसं आणि गुरुद्वारे लहानपणापासून ओळखीचे. पंचविशीत हट्टाने गुरुमुखी शिकलो आणि तेव्हापासून ग्रंथसाहिबांच्या जुन्या, हाताने लिहिलेल्या प्रतींचा अभ्यास करतो आहे. शिखांच्या या धर्मग्रंथात आपल्या मराठी मुलखातल्या एका संताचीही पदं आहेत, हे बहुतेकांना माहीत असतं. छापील ग्रंथात नसलेलं त्यांचं एखादं पद कुठल्या जुन्या प्रतीत सापडेल का, हा माझा प्रश्न आणि खरं सांगायचं तर माझं खूळ. निवृत्तीला तीन वर्षं राहिली आणि हाती काही लागलं नव्हतं.

अशात इंदूरहून सुहासने मोबाइलवर एक फोटो पाठवला. सुहास हा माझा मामेभाऊ. त्याचे वडील रेल्वेत कारकून म्हणून इंदूरला गेले ते तिथलेच झाले. घनश्याम नावाच्या त्याच्या सिंधी मित्राच्या घरी एक जुना हस्तलिखित ग्रंथ होता आणि हा त्याच्या एका पानाचा फोटो होता. फोटो हललेला, पण पान आपल्या संताच्या पदांचं होतं आणि समासात वेगळ्या हाताने लिहिलेल्या दोन ओळी होत्या. त्या काही केल्या लागेनात. माझी झोप उडाली. त्यात सुहासने खाली लिहिलं होतं, 'जल्दी ये. सोमवारी सकाळी ग्रंथसाहिब चालले पंजाबला. अग्नीभेट करणार.'

अग्नीभेट म्हणजे अंत्यसंस्कार. फार जीर्ण झालेला ग्रंथसाहिब रद्दीत जात नाही आणि कपाटातही पडून राहत नाही. त्याला विधिपूर्वक अग्नी देतात. हे मी वर्गात शिकवलेलं होतं. पण माझं पान त्या आगीत जाणार म्हटल्यावर मात्र वर्गातलं शिकवणं बाजूला राहिलं. गुरुवारीच रजेचा अर्ज टाकला आणि निघालो.

शुक्रवार: स्नेहलतागंज आणि सिंधी कॉलनी

सुहासचं घर स्टेशनजवळ, स्नेहलतागंजात. पिशवी ठेवून लगेच निघायची माझी घाई, पण तो कसला ऐकतो.

"पहिले पोहे खाऊन घे रे भिया," तो म्हणाला. "खाली पेट गेलास तर अक्षरं उलटी दिसतील तुला. आणि ऐक, अम्माजी थोड्या कडक आहेत. दिलाच्या एकदम साफ, पण मी तर त्यांच्यासमोर जास्त बोलतच नाही, सच्ची."

इंदुरी पोहे वाफेवर ठेवलेले, गोडसर, वर शेव आणि जिरावण नावाचा आंबट-तिखट मसाला. सोबत जिलबी. आमच्याकडे पोह्यांबरोबर जिलबी मागितली तर हॉटेलवाला तब्येत विचारेल. मी दोन्ही खाल्लं आणि आवडलं हे कबूल करतो.

घनश्यामचं घर सिंधी कॉलनीतलं, अरुंद आणि तीन मजली. खालच्या खोलीत सिंध्यांचा देव झुलेलाल याची तसबीर, कॅलेंडरवर गणपती. घनश्यामचं राजवाड्याजवळ कापडाचं दुकान आहे. पन्नाशीचा, गुळगुळीत दाढी केलेला, बोलताना सारखा घड्याळ बघणारा माणूस. त्याची आई म्हणजे लीला अम्मा. ऐंशीच्या पुढच्या, ठेंगण्या, पांढऱ्या ओढणीत. डोळ्यांसमोर मधोमध काळा डाग आला आहे आणि कडेकडेचं तेवढं अंधूक दिसतं, असं घनश्यामने आधीच सांगून ठेवलं होतं.

"मराठी हो?" त्यांनी विचारलं. "नांदेड के? तब तो घर के हो."

माझा जीव भांड्यात पडला. हातपाय धुतले, डोक्याला रुमाल बांधला आणि त्यांच्यामागून वरच्या मजल्यावर गेलो.

सगळ्यांत वरची खोली फक्त ग्रंथसाहिबांची. अम्मा त्यांना 'महाराज' म्हणतात. जमिनीवर पांढरी चादर, मध्ये छोटा पलंग, वर कापडाचा चांदवा, कोपऱ्यात पंखा. सकाळी महाराजांना उठवून उघडायचं, संध्याकाळी मिटून निजवायचं. या घरात हा नेम फाळणीपासून चालू आहे. त्याआधी सिंधमध्ये कधीपासून होता ते कुणाला ठाऊक नाही. अम्मांनी वरचं भरजरी वस्त्र बाजूला केलं आणि मी श्वास रोखला. काय अक्षर! काळी शाई अजून चकचकीत, समासाच्या लाल दुहेरी रेघा, कडा मात्र पापडासारख्या तुटत चाललेल्या. जुन्या पद्धतीप्रमाणे शब्दांमध्ये मोकळी जागा अजिबात नाही, ओळच्या ओळ सलग. शब्द कुठे तोडायचा ते वाचणाऱ्याला कळावं लागतं. आजचे बरेच वाचक इथेच अडखळतात. माझा मात्र यातच जन्म गेला आहे.

पान उलटायला गेलो तर दोन पानं चिकटलेली. आणि माझा अंगठा, पस्तीस वर्षं पेपर तपासलेला अंगठा, सरळ जिभेवर गेला.

"बस."

अम्मा शेजारीच चवरी घेऊन बसल्या होत्या. माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता, पण तोंडाकडे गेलेला हात कडेने बरोबर दिसला. त्यांनी न बोलता वस्त्र ओढून घेतलं आणि ग्रंथ झाकला. मी माफी मागितली, पुन्हा हात धुतो म्हणालो.

"आप किताब देखने आए हो," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. "महाराज किताब नहीं हैं."

गुरू मानलेल्या ग्रंथाला उष्टा हात लावायला निघालेला अभ्यासक! या विषयावर मी निबंध वाचले आहेत, परिसंवादात टाळ्या घेतल्या आहेत. खाली येऊन बसलो तेव्हा कान तापले होते. लाज वाटली की मी भांडतो, ही माझी जुनी खोड. कविताने, म्हणजे घनश्यामच्या बायकोने, चहा दिला आणि तो पिता पिता मी अम्मांना ऐकवलंच. एवढी जुनी प्रत, इतकं सुंदर अक्षर, एखाद्या संग्रहालयात काचेच्या कपाटात शंभर वर्षं टिकेल. जाळता कशाला?

अम्मांनी शांतपणे विचारलं, "आपके पिताजी हैं?"

"वारले. सहा वर्षं झाली."

"तो उनको अलमारी में रखा क्या?"

मी कप खाली ठेवला. सुहास चहाच्या कपात बघत राहिला.

मग घनश्यामने सगळी अडचण सांगितली. हे घर विकून ते फ्लॅटमध्ये चालले होते. तिथे महाराजांच्या वर कुणी राहणार नाही अशी खोली मिळणं शक्य नाही. घरात अम्मांशिवाय कुणाला गुरुमुखी येत नाही आणि अम्मांचे डोळे गेले. पानं तर हात लावला की तुटतात. जुने ग्रंथ गोळा करणारे सेवेकरी सोमवारी सकाळी येणार होते. सगळं ठरलं होतं, एक गोष्ट सोडून. अम्मांनी या ग्रंथातून एक पाठ धरला होता, सवडीने थोडा थोडा वाचून संपूर्ण करायचा. डोळे गेले आणि तो शेवटच्या भागात अडला. एका पाठीला, म्हणजे ग्रंथ वाचणाऱ्याला, बोलावलं, तर तो सलग अक्षरात अडखळला आणि छापील ग्रंथातून पुरा करतो म्हणाला. अम्मांनी ऐकलं नाही.

"अधूरा नहीं भेजूँगी," अम्मा म्हणाल्या. "मेहमान को आधी बात में दरवाज़ा दिखाते हैं क्या?"

मग त्या माझ्याकडे वळल्या आणि अट घातली. पाठ अडलाय तिथून पुढे मी वाचायचं. मोठ्याने. मागचं पान उलटायचं नाही, फोटो काढायचा नाही. पाठ पुरा झाला की काय बघायचं ते बघा. माझं समासाच्या ओळींचं पान बरंच मागे होतं. म्हणजे सोमवारी सकाळपर्यंत शेवट गाठला नाही, तर अम्मांचा पाठही जाणार आणि माझं पानही. मी हो म्हणालो. हात हलवत परत जाण्यापेक्षा ते बरं होतं, एवढाच विचार तेव्हा केला होता.

शनिवार: वरची खोली

तीस वर्षं हा ग्रंथ वाचतो आहे आणि तो मोठ्याने कधी वाचला नव्हता, हे शनिवारी सकाळी माझ्या लक्षात आलं. मी पाठभेद मोजतो, वेलांट्या मोजतो. ते सगळं ओठ न हलवता होतं. आवाज काढला तर तो वर्गातला निघाला, हजेरी घेतल्यासारखा. अम्मा चवरी ढाळत ऐकत होत्या. दिसत काही नव्हतं, पण मी शब्द चुकीचा तोडला की चवरी थांबायची. मी मागे येऊन नीट वाचलं की ती पुन्हा चालू व्हायची. असा परीक्षक मला विद्यापीठातही भेटलेला नाही.

सोमवार डोक्यात असल्याने मी वेग वाढवला. चवरी पुन्हा थांबली. चूक शोधायला मागे गेलो तर चूक नव्हतीच.

"गाड़ी छूट रही है क्या?" अम्मा म्हणाल्या. "आराम से. वो सुन रहे हैं."

कोण ऐकतंय हे मी विचारलं नाही. पण हळू वाचायला लागल्यावर एक गोष्ट झाली. प्रत्येक ओळीत श्वास घ्यायची जागा लिहिणाऱ्याने आधीच करून ठेवली आहे, हे कळलं. ते डोळ्यांनी वाचताना कधी कळलं नव्हतं. दुपारी आपल्या संताची आणखी काही पदं आली; ती ग्रंथात जागोजागी विखुरलेली आहेत. देवळातून उठवून दिल्याचं गाऱ्हाणं थेट देवाकडेच करणारं एक पद आहे त्यात. त्यातल्या क्रियापदांची शेपटं आपल्या भाषेसारखी, देवाला मारलेली हाक पंढरपूरची. मी यावर तीस पानं लिहिली आहेत. मोठ्याने वाचताना मात्र मी तीच ओळ दोनदा वाचली.

"आपके तरफ के हैं ना ये," अम्मा म्हणाल्या आणि पुढची ओळ स्वतःच म्हणून दाखवली, तोंडपाठ. सिंधमध्ये जन्मलेल्या बाईच्या तोंडून, इंदुरात, आमच्याकडचं ते गाऱ्हाणं ऐकताना मला फार बरं वाटलं.

जेवायला साई भाजी होती. पालक, चुका आणि हरभऱ्याची डाळ एकत्र घोटलेली. सोबत कांद्यात परतलेला तपकिरी भात. आमच्या डाळभाजीची ही मावसबहीण म्हणायला हरकत नाही. जेवताना घनश्यामने मला, सुहासच्या संगतीने शिकलेल्या मराठीत, विचारलं, "सर, तुम्ही तर यातच डॉक्टर आहात. मला एक सांगा, आम्ही कोण? मुलीच्या फॉर्मवर हिंदू लिहितो. अम्मा सकाळी ग्रंथसाहिबांतलं जपजी म्हणते, मी चेटीचंडला, आमच्या नव्या वर्षाला, झुलेलालची ज्योत काढतो. काही लोक म्हणतात एक काय ते ठरवा."

माझ्या लेखांत या लोकांसाठी 'संमिश्र ओळख' असा शब्द आहे. तो माझ्या जिभेवर आलाही होता. पण समोर अम्मा भातात दही कालवत होत्या, आणि त्यांच्यात काय कशात मिसळलंय हे मला काही केल्या दाखवता आलं नसतं. मी म्हणालो, मला माहीत नाही. एवढं खरं उत्तर मी बऱ्याच दिवसांत दिलं नव्हतं.

रविवार: राजवाडा

रविवारी दुपारी माझा आवाज बसला. पूर्ण. तोंड उघडलं की नुसती हवा. पानं बरीच उरलेली आणि हातात एक दिवसही नाही. घनश्यामच्या तोंडचं पाणी पळालं. अम्मांनी मात्र मला ज्येष्ठमध चघळायला दिलं आणि तासभर गप्प राहायची शिक्षा फर्मावली. शिवाय काम दिलं. महाराजांना निघताना नवं वस्त्र हवं, ते राजवाड्याजवळच्या बाजारातून आणायचं; घनश्यामच्या दुकानात तसं कापड नव्हतं.

"मी चालवतो गाडी, तू फक्त मुंडी हलव," सुहास म्हणाला. "तुला चूप बसलेला पाहून आत्याला किती खुशी झाली असती, यार."

राजवाड्याच्या सातमजली दारासमोर दुचाकी, रिक्षा आणि माणसं यांची नेहमीची गुंतागुंत. त्यातून कापडाच्या गल्लीत शिरलो. रुमाल्याचं, म्हणजे ग्रंथसाहिबांवर घालायच्या वस्त्राचं, कापड हवं म्हटल्यावर दुकानदाराने आधी आपले हात पुसले, मग गठ्ठे उघडले. निळं, केशरी, पांढऱ्यावर जर. सुहासने विचारलं कोणतं, आणि मला बोलता येईना. घशामुळेही, आणि एकदम वडिलांची आठवण आली म्हणूनही. सहा वर्षांपूर्वी नांदेडच्या बाजारात असंच कापड निवडायला मी उभा होतो आणि तेव्हाही असाच गप्प होतो. मी जरीच्या निळ्यावर बोट ठेवलं. शुक्रवारी ज्याच्यासाठी काचेचं कपाट मागत होतो, त्याचं शेवटचं वस्त्र रविवारी मीच निवडत होतो. मला ते पटलं होतं असं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. पण हात मात्र कापड चुरगळू नये म्हणून जपून घडी घालत होते.

चारनंतर घोगरा का होईना, आवाज आला. अम्मांनी महाराजांना निजवायची वेळ होईपर्यंत वाचत राहिलो. अगदी हळू.

सोमवार

सकाळी लवकर बसलो. सगळं घर वर आलं होतं. सुहासही आला होता, डोक्याला पांढरा रुमाल, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. शेवटचे श्लोक आले आणि अम्मांनी चवरी कविताच्या हातात देऊन हात जोडले. शेवटची ओळ वाचून संपली. खोलीत शिऱ्याचा वास भरला होता. प्रसाद खाली तयार होता. सेवेकरी अजून यायचे होते.

"अब देखो," अम्मा म्हणाल्या. "अपना पन्ना."

मी स्वच्छ, कोरड्या बोटांनी एकेक पान मागे नेलं. ते पान सापडलं. फोटोत न लागलेल्या ओळी समोर ठेवून वाचायला मिनिटही लागलं नाही. ते पद नव्हतं. कच्च्या, शिकाऊ गुरुमुखीत कुणीतरी लिहिलं होतं: 'पाठ इथवर झाला. घर सोडतो आहोत. उरलेला जिथे पोहोचू तिथे.'

मी ते मोठ्याने वाचलं. घनश्याम आईकडे बघायला लागला. त्यालाही हे नवीन होतं.

"मेरी सासू-माँ," अम्मा म्हणाल्या. सिंधमधून निघायच्या दिवशी त्यांनी ते लिहिलं होतं. ग्रंथात असं लिहू नये हे त्यांना कळत होतं, पण दुसरा कागद हाताशी नव्हता. इंदूरला आल्यावर पापड लाटण्यात आणि पोरं वाढवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पाठ तिथेच राहिला. जाताना त्यांनी सुनेला ते पान दाखवलं. अम्मा मोठेपणी गुरुमुखीचं एकेक अक्षर शिकल्या आणि त्याच पानापासून पुढे निघाल्या, दिवसाला चार-चार ओळी. डोळे जाईपर्यंत.

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता. "अम्मा, फोटो याच पानाचा कसा आला?"

"मैंने कहा था घनश्याम को, ये वाला भेज." त्यांनी ओढणी सारखी केली. "सुहास बोलता था, मेरा भाई ऐसा लिखा पढ़ लेता है, और अपने संत के पन्ने के लिए कहीं भी दौड़ा जाता है. मुझे पढ़नेवाला चाहिए था."

क्षणभर मला राग आला. तीस वर्षांच्या व्यासंगाला या बाईने गळ टाकून ओढून आणलं होतं. मग सुहास फिस्सकन हसला आणि मलाही हसू आवरेना. हसता हसता डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत. अम्मांच्या अरदासमध्ये, म्हणजे शेवटच्या प्रार्थनेत, सासूबाईंचं नाव आलं आणि मागोमाग माझं.

मी सात-आठ फोटो काढले, अम्मांच्या परवानगीने. तेवढ्यात सेवेकरी आले. निळ्या वस्त्रात गुंडाळलेले महाराज घनश्यामने डोक्यावर घेतले. वाटेवर पाणी शिंपडत एकाने पुढे चालायचं असतं. अम्मांनी तांब्या माझ्या हातात दिला. तीन जिने आणि गल्लीच्या तोंडापर्यंतचा रस्ता मी अनवाणी, मागे न बघता, पाणी शिंपडत उतरलो. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा अम्मा दारातच होत्या. त्यांना ती दिसत नव्हती, पण आवाज जाईपर्यंत त्या उभ्या होत्या.

नांदेड

परत येऊन दोन महिने झाले. नवं पद सापडलं नाही, त्यामुळे लेखही नाही. सहामाहीचे पेपर तपासायला घेतले की अंगठा अजून तोंडाकडे निघतो आणि अर्ध्या वाटेत थांबतो. मुलांना वाटतं सर मार्कांचा विचार करताहेत.

सकाळी साडेसहाला मात्र फोन येतो. फ्लॅटमध्ये महाराज नाहीत आणि अम्मांना ऐकल्याशिवाय चहा जात नाही. डोकं झाकून मी छापील ग्रंथातलं एक पान फोनवर वाचतो. परवा सातचं लेक्चर होतं म्हणून जरा घाईत होतो. पलीकडून आवाज आला.

"आराम से पढ़ो बेटा. अब कोई सोमवार नहीं आना है."

मी ओळीच्या सुरुवातीला परत गेलो. वर्ग दहा मिनिटं थांबला.